चाकोरीतली गाडी : विनाचालक मालवाहू वाहनांविषयी मराठीत लिहिताना

'चाकोरीबाहेरची कविता', 'चाकोरीबद्ध कथानक' हे शब्दप्रयोग आपल्या पुस्तक-परीक्षणांत इतके झिजले आहेत, की चाकोरी ही एके काळी डोळ्यांना दिसणारी आणि पायाला लागणारी गोष्ट होती याचा विसर पडावा. बैलगाडीच्या लोखंडी धावांनी मऊ रस्त्यात पाडलेली खोल रेघ म्हणजे चाकोरी. एकदा ती पडली की पुढची प्रत्येक गाडी तिच्यातूनच जाते. बाहेर काढायची तर बैलांना जोर लावावा लागतो आणि गाडीवानाला खाली उतरावे लागते. रस्ते डांबरी झाले, चाकांना रबर आले आणि चाकोरी रस्त्यावरून नाहीशी होऊन समीक्षेत राहायला आली. मात्र कारखान्यांतल्या सिमेंटच्या जमिनीवर ती परत आली आहे, आणि ती पाहायला आम्हा इंदूरकरांना पीथमपूरपर्यंत गेले तरी पुरते.

इंग्रजी आद्याक्षरांवरून जिला सगळे एजीव्ही म्हणतात, त्या गाडीविषयी हा लेख आहे. कारखान्यात आणि गोदामात माल इकडून तिकडे नेणारी, चालक नसलेली, जमिनीवरच्या किंवा जमिनीखालच्या खुणांच्या आधाराने चालणारी ही बॅटरीची गाडी. साहित्याच्या प्राध्यापकाने हा विषय का घ्यावा, असे कोणी विचारील. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी कोणी ना कोणी कारखान्यात किंवा गोदामात काम करते. ही मुले घरी मराठी बोलतात, बाहेर हिंदी. 'माझे आवडते संत' या विषयावर ती चार पाने सहज लिहितात. 'वडील आज कामावर काय करून आले' यावर मराठीतली चार वाक्ये त्यांना जमत नाहीत. भावना असतात, शब्द नसतात असे आपण म्हणतो. इथे शब्दही असतात, पण ते लिहिण्याजोगे आहेत असे मुलांना कोणी सांगितलेले नसते. जी भाषा देवघर, लग्नपत्रिका आणि गणेशोत्सव एवढ्यापुरती उरते, तिची बृहन्महाराष्ट्रातली तिसरी पिढी काय करते हे या वार्षिकाच्या वाचकांना मी सांगायला नको.

आधी वस्तू समजून घेऊ. जे नीट कळलेले नाही त्याच्यासाठी शब्द घडवायला बसणे हा आपला जुना छंद आहे, आणि त्याची फळे परिभाषाकोशांच्या पानोपानी दिसतात.

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातील बॅरेट इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९५० च्या दशकाच्या आरंभी अशी पहिली गाडी बनवली. ती होती माल ओढणारा एक छोटा ट्रॅक्टर, फक्त त्यावर बसणारा माणूस काढून टाकलेला. १९५४ मध्ये दक्षिण कॅरोलायनातील कोलंबिया येथे मर्क्युरी मोटर फ्रेट या मालवाहतूक कंपनीत ती कामाला लागली. या गाड्यांची युक्ती ऐकण्यासारखी आहे. जमिनीत एक बारीक खाच पाडून तिच्यात तार पुरतात आणि तारेतून काही हजार हर्ट्झचा सौम्य प्रत्यावर्ती प्रवाह सोडतात. तारेभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. गाडीच्या पोटाखाली डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशी दोन वेटोळी असतात. तार बरोबर मध्ये असेल तर दोघांनाही सारखाच संकेत मिळतो. गाडी डावीकडे सरकली तर उजवे वेटोळे तारेच्या जवळ येते, त्याचा संकेत वाढतो, आणि सुकाणूची मोटर गाडीला उजवीकडे आणते. झाले. एवढ्यावरच ती दिवसभर चालते. रस्ता तिला दिसत नाही. आपण किती चुकलो एवढेच तिला कळते, आणि ती चूक शून्यावर आणायची धडपड ती करत राहते.

हीच ती चाकोरी. फरक एकच, पण तो मोठा आहे. बैलगाडीची चाकोरी चाकांनी पडते, अनेकांच्या जाण्यायेण्याने, कोणी ठरवल्यावाचून. ही चाकोरी मात्र पहिली गाडी येण्याआधीच कोणीतरी कागदावर आखून जमिनीत पुरलेली असते. (बैलगाडीचा विषय निघालाच आहे म्हणून: बाजार करून परतताना गाडीवान झोपला तरी बैल गाडी घरी आणत. विनाचालक वाहन ही कल्पना आपल्या आज्यापणज्यांना नवी वाटली नसती.)

पुरलेली तार बदलायची तर जमीन फोडावी लागते. म्हणून पुढे जमिनीवर चिकटवायच्या चुंबकीय पट्ट्या आल्या, रंगीत पट्ट्याही आल्या. पट्टी उचलून दुसरीकडे लावता येते. पण धुळीने ती मळते आणि फोर्कलिफ्टच्या चाकांखाली फाटते. १९९० च्या दशकात लेसरची पद्धत रूढ होऊ लागली. गाडीच्या माथ्यावर फिरणारा लेसर असतो, भिंतींवर आणि खांबांवर परावर्तक चकत्या लावलेल्या असतात, आणि निदान तीन चकत्यांच्या दिशा कळल्या की गाडीला आपले स्थान काढता येते. समुद्रात दीपगृहांवरून नावाडी जे करतो तेच हे. आता त्याही पुढे जाऊन काही गाड्या चकत्यांशिवाय, भिंती, खांब आणि मांडण्यांच्या आकारांवरून स्वतःच नकाशा बनवतात आणि वाटेत अडथळा आला तर वळसा घालून जातात. त्यांना एजीव्ही न म्हणता एएमआर म्हणण्याचा प्रघात आहे. जुनी गाडी अडथळ्यापुढे थांबते आणि वाट पाहते. नवी गाडी दुसरी वाट शोधते. समीक्षकांचा तो झिजलेला शब्द इथे पुन्हा अक्षरशः खरा ठरतो: एक चाकोरीतली, एक चाकोरीबाहेरची.

थांबण्याविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण माणसाचा जीव तिथे गुंतलेला असतो. या गाड्यांचा वेग बहुधा माणसाच्या चालीच्या आसपास असतो, पण पाठीवर टन-दोन टन माल असला तर तो वेग लहान नव्हे. गाडीच्या पुढ्यात जमिनीलगत लेसरचा पहारा असतो. त्याची दोन कडी असतात. बाहेरच्या कड्यात कोणी आले तर गाडी वेग कमी करते, आतल्या कड्यात आले तर थांबते. आतले कडे किती मोठे ठेवायचे हे वेग, ओझे आणि जमिनीची पकड यांवर ठरते, कारण ब्रेक लागल्यावर गाडी जितकी पुढे सरकणार, त्याहून ते मोठे हवे. शिवाय लाल बटण असतेच. आयएसओ ३६९१-४ हे आंतरराष्ट्रीय मानक २०२० मध्ये आले, ते नेमके अशा विनाचालक गाड्यांच्या सुरक्षिततेविषयी आहे.

आणि अनेक गाड्या एकाच मजल्यावर असल्या की वाहतूक आली. सर्वांत सोपा उपाय रेल्वेचा: मार्गाचे खंड पाडायचे आणि एका खंडात एका वेळी एकच गाडी सोडायची. एकेरी लोहमार्गावर टोकन हाती आल्याशिवाय चालक पुढच्या खंडात शिरत नसे, तेच इथे संगणक करतो. तरीही दोन गाड्या एकमेकींच्या खंडाची वाट पाहत समोरासमोर उभ्या राहू शकतात. अभियंत्यांच्या पुस्तकात याला एक भारदस्त इंग्रजी शब्द आहे. आपल्याकडे 'कोंडी' आहे, आणि तो शब्द इतका नेमका आहे की त्याला 'परस्परावरोध' असे काही बारसे करण्याचे कारण नाही.

इथून शब्दांकडे वळतो. एजीव्हीचे शब्दशः मराठी 'स्वयंचलित मार्गदर्शित वाहन' असे होते. या तीन शब्दांत तीन अडचणी आहेत. 'स्वयंचलित' हा शब्द आपण सरकत्या जिन्यापासून दारापर्यंत सगळ्यांना लावून बसलो आहोत, त्यामुळे गाडीत चालक नाही ही मुख्य गोष्ट त्यातून कळतच नाही. 'मार्गदर्शन' तर मराठीत माणसाकडून मिळते: पीएच.डी.चे मार्गदर्शक असतात, स्पर्धा परीक्षेचे मार्गदर्शन वर्ग असतात, सभेत प्रमुख पाहुणे मार्गदर्शन करतात. जमिनीतल्या तारेने गाडीला मार्गदर्शन केले असे म्हणताच वर्गात हशा पिकतो, आणि तो योग्यच असतो. 'वाहन' शब्दात तितका दोष नाही, पण त्याचा वापर रस्त्यावरचा, परवान्याचा आणि दंडाच्या पावतीचा आहे. 'वाहक' घ्यावा, तर तो बसमध्ये तिकिटे फाडतो आणि भौतिकशास्त्रात तांब्याची तार होतो.

मराठी माणसाने स्वतःहून गाड्यांना नावे दिली तेव्हा त्याने वेगळे काही केले. बैलगाडी, घोडागाडी, हातगाडी, ढकलगाडी, आगगाडी, मालगाडी, बाबागाडी. या सगळ्या समासांत पहिले पद काय सांगते ते विद्यार्थ्यांना विचारावे. मी दर वर्षी विचारतो. गाडी कशाने चालते हे ते सांगते किंवा गाडीत काय जाते हे सांगते. गाडी कोण हाकतो हे मात्र एकही नाव सांगत नाही, कारण कोणीतरी हाकणारा आहेच हे गृहीत होते. 'रेल्वेगाडी' तेवढी मार्गावरून ओळखली जाते, पण तिच्यातले पहिले पद आपले नव्हे. म्हणजे एजीव्हीचे मराठी नाव करताना केवळ एक शब्द कमी आहे असे नाही. नाव घडवण्याच्या आपल्या सवयीतच ती जागा कधी लागली नव्हती. हाकणारा नाही, ही बातमी नावात घालण्याची वेळ आपल्यावर पहिल्यांदा आली आहे.

मी स्वतः 'विनाचालक गाडी' वापरतो, पहिल्या उल्लेखात 'विनाचालक मालवाहू गाडी' आणि पुढे नुसते 'गाडी'. 'एजीव्ही' हा उच्चारही लिहायला हरकत नाही. पॅलेट, ट्रॉली, फोर्कलिफ्ट हे शब्द कामगारांच्या तोंडी इतके मुरले आहेत की ते काढून 'फलाटिका' किंवा 'काटाउचल यंत्र' घालणे हा अत्याचार होईल. प्रकार सांगायची गरज पडली तर 'चाकोरीची गाडी' आणि 'वाट शोधणारी गाडी'. काही विद्यार्थ्यांनी दुसरीसाठी 'वाटाड्या' सुचवला होता. मला तो फार आवडला. पण वाटाड्या दुसऱ्याला वाट दाखवतो, ही स्वतःपुरतीच पाहते, म्हणून सोडून द्यावा लागला.

शब्द घडवण्याची परंपरा आपल्याकडे थोर आहे आणि तिच्यावर टीका करताना जपून बोलावे. शिवछत्रपतींच्या काळी रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश केला. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९३१ मध्ये श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू निघाला. कारभारातल्या शब्दांना अनेक भाषांतले प्रतिशब्द शेजारी शेजारी मांडणारा तो कोश बृहन्महाराष्ट्रातल्या आपल्यासारख्यांनी अवश्य पाहावा. पण दोन्ही कोश राज्यकारभाराचे आहेत. दरबाराला शब्द वरून देता येतात. हुकूम काढला की कारकून ते लिहू लागतो. ओझे वाहणाऱ्याला शब्द वरून देता येत नाहीत. 'हमाल' अरबी, तो कोणी हलवला नाही. 'माथाडी' तर माथ्यावरून आला, आणि तो इतका पक्का ठरला की १९६९ मध्ये महाराष्ट्र शासनाने केलेल्या कायद्याच्या नावातच माथाडी आणि हमाल हे दोन्ही शब्द आले. कायद्याने बाजारातला शब्द उचलला, बाजाराने कायद्याचा नव्हे. 'वखार'ही तशीच. विद्यार्थ्यांना ती सुरतेच्या लुटीच्या धड्यापुरती किंवा लाकडांची म्हणून माहीत असते. महाराष्ट्रात राज्य वखार महामंडळ आहे हे सांगितले की त्यांना नवल वाटते.

म्हणून मी वर्गाला कोश उघडायला सांगण्याआधी एक काम देतो. घरी किंवा शेजारी जो कारखान्यात जातो त्याला विचारून या, की ही गाडी बिघडते तेव्हा तो काय म्हणतो. गेल्या वर्षी आलेली उत्तरे अशी होती: 'रुसली', 'अडून बसली', 'आंधळी झाली', 'फिरतेय पण ऐकत नाही'. 'आंधळी झाली' म्हणजे लेसरच्या काचेवर धूळ बसली. 'अडून बसली' म्हणजे वाटेत कोणीतरी रिकामे पॅलेट ठेवून गेले. 'अडेलतट्टू' हा शब्द एका आजोबांनी दिला. ते कधी कारखान्यात गेले नव्हते, नातवाचे वर्णन ऐकून त्यांना तो सुचला. चारही वाक्यांत गाडी म्हणजे जनावर आहे. बैलाशी आणि तट्टाशी जी भाषा होती तीच कामगारांनी या गाडीला दिली, त्यांना कोणी सांगितले नव्हते. इंदूरच्या हिंदीत 'अड़ गई' म्हणतात. तो शेजारधर्म आपल्या मराठीच्या रक्तातच आहे आणि त्याची लाज बाळगू नये.

आता लेखनाची एक अडचण. पुढचे वाक्य मी वर्गासाठी मुद्दाम बनवले आहे, पण असली वाक्ये आपण रोज वाचतो: 'स्वयंचलित मार्गदर्शित वाहनांद्वारे सामग्री-हाताळणी प्रक्रियेचे कार्यान्वयन करण्यात येत असून मनुष्यबळाचे इष्टतमीकरण साध्य करण्यात आले आहे.' याचे मराठी करा, असे सांगितल्यावर पहिल्या अर्ध्या वाक्याचे चटकन होते: 'गोदामातून जुळणीच्या जागेपर्यंत माल आता विनाचालक गाड्या नेतात.' दुसऱ्या अर्ध्यापाशी वर्ग थबकतो. 'मनुष्यबळाचे इष्टतमीकरण' म्हणजे नक्की काय? आठ माणसांचे काम तीन जण करू लागले, हा एक अर्थ. पाच जणांना दुसरे काम दिले, हा दुसरा. पाच जणांना घरी पाठवले, हा तिसरा. मूळ वाक्यात तिन्ही अर्थ आरामात बसतात; साध्या मराठीत एकच बसतो आणि तो निवडावा लागतो. संस्कृतप्रचुर भाषा वाईट नसते, पण ती कोणाच्या उपयोगाला येते हे विद्यार्थ्यांना इथे दिसते. एका विद्यार्थिनीचे वडील पूर्वी फोर्कलिफ्ट चालवत. आता ते पडद्यासमोर बसून गाड्यांची हालचाल पाहतात. पगार तोच, कंबरदुखी गेली. पण 'मी गाडी चालवतो' असे आता त्यांना म्हणता येत नाही आणि दुसरे काय म्हणावे हे सुचत नाही, असे तिने लिहिले होते. 'देखरेख करतो' हे वाक्य बरोबर आहे. घरी मात्र ते तसे म्हणत नाहीत. घरी ते म्हणतात, 'गाड्या राखतो.' गुरे राखतात तशा.

ही यंत्रे आली की माणूस हरतोच, असा सरळ हिशोब मी वर्गात मांडू देत नाही. स्वीडनमध्ये काल्मार येथे व्होल्वोने १९७४ मध्ये मोटारींचा कारखाना सुरू केला, तो जुळणीचा सरकता पट्टा काढून टाकून. प्रत्येक मोटारीचा सांगाडा एका विनाचालक वाहकगाडीवर ठेवलेला असे आणि ती गाडी कामगारांच्या एका गटाकडून दुसऱ्याकडे जाई. कामगारांचे छोटे गट एक पूर्ण भाग मिळून जोडत. काही गाड्या सांगाडा नव्वद अंशांत आडवा करत, त्यामुळे मोटारीच्या पोटाखालचे काम मान वर करून, हात उंच धरून करावे लागत नसे. तो कारखाना १९९४ मध्ये बंद झाला, त्याची कारणे अनेक आहेत. पण यंत्र तेच असून पट्ट्याच्या तालातून माणसाला सोडवण्यासाठी ते वापरले गेले होते, हे खरे.

याच्या उलट टोकाला किवा सिस्टिम्स. २००३ मध्ये अमेरिकेत निघालेल्या या कंपनीच्या बसक्या गाड्या मालाच्या मांडणीखाली शिरतात, मांडणीच उचलतात आणि एका जागी उभ्या असलेल्या माणसासमोर आणून ठेवतात. जमिनीवर ठरावीक अंतरावर चौकोनी चिन्हे चिकटवलेली असतात. गाडीच्या पोटाखालचा कॅमेरा ती वाचत जातो. अॅमेझॉनने ही कंपनी २०१२ मध्ये ७७.५ कोटी डॉलरला घेतली. पूर्वी माणूस गोदामात मालाकडे चालत जाई. आता माल माणसाकडे चालत येतो. पायपीट वाचली हे निर्विवाद. पण पुढची मांडणी केव्हा येणार हे उभ्या माणसाच्या हातात नाही. पट्ट्याचा ताल दुसऱ्या रूपाने परत आला. (मांडणी म्हणजे केवढी थोरली, आणि उचलणारी गाडी केवढीशी; तिला वर्गाने 'उंदीर' नाव ठेवले, वाहन म्हणून. हे नाव कोणत्याही समितीला सुचले नसते.)

शेवटचा मुद्दा व्याकरणाचा आहे, आणि माझ्या मते या पाठात तोच सर्वांत कामाचा. मराठीत 'चालणे' आणि 'चालवणे', 'थांबणे' आणि 'थांबवणे', 'वळणे' आणि 'वळवणे' अशा जोड्या आहेत. एक वाक्य कर्त्यापाशी थांबते, दुसरे आणखी एका माणसाला आत घेते. 'गाडी चालते' आणि 'गाडी चालवतात' ही दोन्ही वाक्ये एजीव्हीबद्दल खरी आहेत. चालक नाही, पण मार्ग कोणी आखला, पहाऱ्याचे कडे किती ठेवायचे हे कोणी ठरवले, पॅलेट वाटेत कोणी ठेवले, काच पुसायची कोणाची पाळी होती? प्रत्येक ठिकाणी माणूस आहे. तो वाक्यात घ्यायचा की नाही, हे लिहिणारा ठरवतो.

वर्गाला मी कल्पित अपघाताची नोंद लिहायला देतो. एका कामगाराच्या पायाला गाडी लागली आहे. गाडीचे पहारा देणारे कडे आधीच्या आठवड्यात लहान करून ठेवले होते, कारण ती सारखी थांबे आणि काम खोळंबे. बहुतेक मुले पहिल्यांदा लिहितात, 'गाडी कामगाराला धडकली.' काही लिहितात, 'गाडीने कामगाराला धडक दिली', आणि गाडी गुन्हेगार होते. एखादा लिहितो, 'कामगार गाडीच्या मार्गात आला', आणि कामगार गुन्हेगार होतो. तिन्ही वाक्ये व्याकरणशुद्ध आहेत. मग मी सांगतो, की आता 'कडे लहान केले' हे क्रियापद नोंदीत आणा, पण 'लहान करण्यात आले होते' असे लिहायचे नाही, कर्ता हवा. वर्ग गप्प होतो. नाव कोणाला माहीत नसते, कारण गोष्टीत ते मी दिलेलेच नाही. थोड्या वेळाने कोणीतरी विचारते, 'सर, नाव माहीत नसेल तर काय लिहायचं?' मी म्हणतो, 'कोणी लहान केले, हा प्रश्नच नोंदीत लिहा.' त्यावर मागच्या बाकावरून एकदा उत्तर आले होते, की मग ती नोंद कोणी स्वीकारणार नाही. ते उत्तरही मी फळ्यावर लिहून ठेवले आणि तास संपला.